अनुमोदक पुण्याचे, सभा मॅसॅच्युसेट्सची

अमेरिकेहून परत आलं की लोक ठरलेले प्रश्न विचारतात. नायगारा पाहिलात का, न्यूयॉर्कला गेलात का, थंडी बाधली नाही ना. या खेपेला मी सांगते की आम्ही एका शाळेचं जिम पाहिलं, की समोरचा माणूस विषय बदलतो. खरं तर त्या जिममध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं. लाकडी जमीन, दोन्ही टोकांना बास्केटबॉलच्या जाळ्या, घडीच्या खुर्च्या. पण त्या खुर्च्यांवर बसून एका गावानं माझ्या थोरल्या भावाचं काय व्हायचं ते एका सकाळीत ठरवलं, आणि ते बघताना माझा जीव इतका टांगणीला लागला होता की नायगाऱ्याचं मला आता काही विशेष वाटत नाही.

भाऊ म्हणजे अण्णा. मिरजेला डॉक्टर होऊन तरुणपणीच तिकडे गेला आणि मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेला, बर्कशायरच्या डोंगरात, एका लहान गावात त्यानं दवाखाना थाटला. गावाचं नाव लिहू नकोस असं त्यानं बजावलंय, तेव्हा लिहीत नाही. वहिनी गेल्या. अण्णा एकटाच राहतो, आणि आता त्याची नजर गेली आहे. समोरचं मधोमध काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, म्हणून तो बोलताना माणसाकडे तिरकं बघतो. गाडी चालवायची सोय राहिली नाही, आणि त्या गावात गाडीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. गावाची एक व्हॅन आहे. ती म्हाताऱ्यांना दवाखान्यात, दुकानात, वाचनालयात नेते आणि आणते. त्या व्हॅनवर अण्णाचं घर उभं आहे म्हटलं तरी चालेल. आणि ती व्हॅन गाव बंद करणार होतं.

ॲन आर्बरहून निघताना

आम्ही, म्हणजे मी आणि आमचे हे, मुक्ताकडे ॲन आर्बरला उतरलो होतो. मुक्ता आमची मुलगी, तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. पोचून जेमतेम झोप पुरी होतेय तोवर समीरचा फोन. समीर अण्णाचा मुलगा, ॲरिझोनात चँडलरला चिप कंपनीत आहे.

"आत्या, बाबा फक्त तुझं ऐकतात," तो म्हणाला. "आमच्याकडे खाली रूम रेडी आहे. स्नो नाही, पायऱ्या नाहीत. त्यांनी कबूल केलंय, व्हॅन गेली तर येतो. सॅटर्डेला त्यांच्या टाऊनची मीटिंग आहे, त्यात व्हॅनचं व्होटिंग आहे. फायनान्सवाले विरोधात आहेत म्हणजे ती जाणारच. तू फक्त पॅकिंग सुरू करून दे."

मुलाचं काही चुकत नव्हतं. बापाच्या काळजीनं बोलत होता. मी बरं म्हटलं आणि पुण्याहून आणलेल्या बॅगेतून दोन रिकाम्या पिशव्या बाजूला काढल्या, अण्णाची पुस्तकं भरायला.

रस्ता लांबचा. ओहायो झालं, पेनसिल्व्हेनियाचा एक कोपरा झाला, मग न्यूयॉर्क राज्य संपता संपेना. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती म्हणून निभावलं. वाटेत एका मोटेलात मुक्काम केला, तिथे सकाळी ह्यांनी वॉफलचं यंत्र शिट्टी व्हायच्या आधीच उघडलं आणि कच्चं पीठ टेबलभर सांडलं. "कुकरसारखं शिट्टीची वाट बघायची असते, बाबा," मुक्ता म्हणाली. ह्यांनी ते शांतपणे पुसलं आणि यंत्राच्या बांधणीत दोष आहे असं जाहीर केलं.

ह्यांच्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे बँकेतून निवृत्त झाले, पण आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र इतकी वर्षं आहेत की बिल्डिंगला रंग किती वेळा दिला ते त्यांनाच ठाऊक. वार्षिक सभेत कुणी ठराव मांडला की सूचक अमुक, अनुमोदक तमुक असं लिहावं लागतं. लोक चहा-बटाटेवड्याकडे डोळे लावून बसलेले असतात, अनुमोदन द्यायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. मग सभा अडू नये म्हणून हेच खणखणीत आवाजात म्हणतात, "अनुमोदन." ते त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की घरात मी "आज खिचडीच करते" म्हटलं तरी पेपरामागून अनुमोदन येतं.

अण्णाचं घर

बर्कशायरचे डोंगर फार उंच नाहीत. पन्हाळ्याकडचे असावेत तसे, अंगाखांद्यावर गर्द झाडी. मे महिना होता, सफरचंदाची झाडं पांढऱ्या फुलांनी लगडली होती, आणि बारीक काळ्या माश्या कानामागे चावत होत्या. अण्णानं फोनवर रस्ता सांगितला होता. "लाल कोठार लागलं की डावीकडे." आम्ही लाल कोठार शोधत तीन डोंगर पालथे घातले. शेवटी एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते कोठार पडून खूप वर्षं झाली, आता तिथे सोलर पॅनल आहेत. त्या बाई म्हणजे अण्णाची शेजारीण रूथ, गाई पाळते. तिनंच आपल्या ट्रकमागून आम्हाला घरी नेलं.

अण्णा दारात उभा होता. मी पायरीवर पाय ठेवला आणि तो तिरका बघत म्हणाला, "कुसुम, तू बारीक झालीस."

"तुला दिसतंय कुठे?"

"पायरी कमी वाजली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आत जाऊन बघते तर घर चकचकीत. मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांना त्यानं वेगवेगळे रबरबँड लावून ठेवलेले, बोटानं ओळखायला. रात्री मी पिठलं-भात केला. रूथनं नेच्याच्या कोंबांची जुडी दिली होती, गोगलगायीसारखे गुंडाळलेले हिरवे कोंब. इथे वसंतात ते खातात. उकळून पाणी टाकून द्यायचं, मग परतायचं. मी त्यात लसणाची फोडणी आणि ओलं खोबरं घातलं, आणि सगळ्यांनी ताट पुसून खाल्लं. आपल्याकडच्या रानभाज्यांसारखीच ती, वर्षातून थोडेच दिवस मिळणारी.

पॅकिंगचा विषय मीच काढला. आडून-आडून काढला, पण अण्णा काय बधतो.

"समीरनं पाठवलंय ना तुला?" तो म्हणाला. "त्याला मी शब्द दिलाय. व्हॅन गेली तर जाईन. पण आधी गावाला विचारू दे. मी सह्या गोळा करून विषय टाकलाय सभेत, व्हॅन चालू ठेवावी म्हणून. गाव नको म्हणालं की पिशव्या काढ."

"अण्णा, तुझ्या घरचा प्रश्न गावावर कशाला सोडतोस?" मी म्हटलं.

"व्हॅन गावाची आहे," तो म्हणाला.

मग ह्यांनी विचारलं, "पण अण्णा, सभा म्हणजे निवडून आलेल्यांची ना?"

आणि अण्णाची कळी खुलली. इथे निवडून आलेले लोक कारभार बघतात, पण वर्षातून एकदा सगळ्या मतदारांनी एकत्र बसून खर्च मंजूर करायचा असतो. जो मतदार येईल तो बोलणार, जो येईल तो मत देणार. ही पद्धत फार जुनी, देश व्हायच्याही आधीची. "आणि या राज्याची घटना अशाच सभांमधून पार झालीय," अण्णा म्हणाला. "सतराशे ऐंशी सालची. लिहिलेली आणि आजही चालू असलेली इतकी जुनी घटना जगात दुसरी दाखवायला कठीण. देशाची घटना तिच्या मागून आली, आणि येताना हिच्यातलं बरंच काही उचलून आली. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, हे इथे नीट मांडून ठेवलेलं होतं."

मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला चिकटवलेला विषय, ना मुलांना गोडी ना हेडमास्तरांना. म्हणून मी मुद्दाम विचारलं, "मग मंजूर एका झटक्यात झाली?"

"छे. पहिला मसुदा विधिमंडळानंच लिहून गावांकडे धाडला होता. गावांनी तो परत केला. हक्कांची सनद कुठाय, विचारलं. आणि जे राज्य करणार त्यांनीच आपले नियम आपण का लिहायचे, हेही विचारलं. मग नुसत्या त्या कामासाठी वेगळी माणसं निवडली, नवा मसुदा झाला, तो पुन्हा गावोगाव गेला. शेतकरी, लोहार, पाद्री, सगळे बसायचे. एकेक कलम वाचायचं, भांडायचं, मत घ्यायचं, आणि पटलं नाही तर का पटलं नाही ते बॉस्टनला लिहून कळवायचं." मग तो हसला. "शेवटच्या मोजणीत बॉस्टनवाल्यांनी जरा हात सैल सोडला असं म्हणतात. वसंतराव, तुमच्या सोसायटीत नाही ना होत असं?"

"आमच्याकडे मोजायलाच कुणी थांबत नाही," हे म्हणाले.

आपली घटना "आम्ही, भारताचे लोक" अशी सुरू होते, हे मी किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. पण ते लोक म्हणजे चिखलाचे बूट काढून कुठल्यातरी खोलीत दाटीवाटीनं बसलेली, कलमाकलमाला हुज्जत घालणारी माणसं असं चित्र काही माझ्या डोळ्यांपुढे कधी आलं नव्हतं. वर्गात तसं सांगितलं असतं तर निदान मागच्या बाकावरचे जागे राहिले असते.

शेफील्डची बाई

दुसऱ्या दिवशी अण्णा आम्हाला शेफील्डला घेऊन गेला. घेऊन गेला म्हणजे गाडी मुक्ता चालवत होती, आणि ज्याला दिसत नाही तो आम्हाला मुलूख दाखवत होता. "आता उजवीकडे नदी येईल," म्हणायचा, आणि यायची. कोठारं तेवढी जपून सांगत होता.

शेफील्डला नदीजवळ एक जुनं लाकडी घर आहे. त्या घरात एक काळी बाई गुलाम होती. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. घरची मालकीण एकदा तापलेला झारा घेऊन दुसऱ्या एका मुलीवर धावली, आणि ही मध्ये पडली. हातावर जन्माचा व्रण राहिला. पुढे तो हात ती झाकायची नाही, लोकांनी विचारावं म्हणून उघडा ठेवायची. तर या बाईच्या कानावर नवी घटना आली. कुणी म्हणतं गावात जाहीर वाचन झालं तेव्हा ऐकलं, कुणी म्हणतं पंक्तीत वाढताना मालकाच्या पाहुण्यांचं बोलणं ऐकलं. पहिलंच कलम, सगळी माणसं जन्मतः मोकळी आणि सारखी आहेत. ती चालत एका वकिलाकडे गेली आणि म्हणाली, मी मुकं जनावर नाही, मग हा कायदा मला का लागू नाही?

"आणि लागला?" मुक्तानं विचारलं.

"लागला. जवळच्या ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्युरीनं तिच्या बाजूनं निकाल दिला. थोड्याच काळात राज्याच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानंही तेच धरलं, की या घटनेत गुलामी बसत नाही." अण्णा कुंपणाला हात लावून उभा होता. "लिहिणाऱ्यांच्या मनात ती बाई नव्हती गं. त्यांनी बायकांना मताचा हक्क दिला नव्हता, गरीब पुरुषालाही दिला नव्हता. पण वाक्य सगळ्यांसमोर वाचलं गेलं, आणि तिनं ते खरं मानलं. मोकळी झाल्यावर आडनाव घेतलं, त्याचा अर्थच मोकळा माणूस."

मी त्या घराकडे बघत राहिले. घर साधंच होतं, खिडक्या लहान, चूल मोठी. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं, आणि मी बऱ्याच वर्षांत कुठल्याही देवळात केला नसेल असा मनापासून तिला नमस्कार केला. ह्यांना मात्र त्याच वेळी गवतात गोचीड चावली. अण्णा खिशातून चिमटा काढून म्हणाला, "मी हातानं सांगतो, कुसुम तू ओढ. पिळू नकोस, सरळ ओढ." डॉक्टरकी नजरेत नसते म्हणायचं. निघाली ती गोचीड.

गाडीत बसताना अण्णा हलकेच म्हणाला, "इथून निघायचं म्हटलं तर मला पत्ता नवा मिळेल गं. रस्ता नवा पाठ होणार नाही आता." त्यानंतर मी पिशव्यांचा विषय काढला नाही.

शनिवारची सभा

सभा सकाळी होती. जिमच्या दाराशी टेबल, तिथे मतदाराचं नाव बघून हिरवं कार्ड हातात देत होते. अण्णाला कार्ड मिळालं. आम्हाला पाहुण्यांच्या खुर्च्या दाखवल्या, भिंतीला लागून, मतदारांपासून वेगळ्या. बाहेर व्हरांड्यात पाय, म्हणजे गोड सारण भरून भट्टीत भाजलेल्या जाड पोळ्या, विकायला मांडले होते, ऱ्हुबार्बचे. आपल्या अंबाडीसारखा आंबट देठ असतो तो. साखर घालून इतकी चांगली चव येते हे मला माहीत नव्हतं.

व्यासपीठावर एक उंच बाई, सभा चालवणारी. मॉडरेटर म्हणतात. हातात लाकडी हातोडी, आवाज मऊ पण कुणाची टाप नाही पुढे बोलायची. हे भारावून बघत होते. "अगं, वेळेत सुरू केली," मला दोनदा म्हणाले.

एकेक विषय पटापट निघू लागला. रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं मीठ, आगीच्या बंबाची नळी, वाचनालय. मांडायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, चर्चा, मत. थेट आमच्या सोसायटीसारखं, फक्त लोक एकमेकांच्या पार्किंगवर घसरत नव्हते. व्हॅनचा विषय उशिरा येणार असं सगळे धरून चालले होते. अण्णाला अनुमोदन द्यायचं कबूल केलेली रूथ त्या भरवशावर गाडीतून आणखी पाय आणायला बाहेर गेली. आणि नेमके मधले दोन विषय पुढे ढकलले गेले.

मॉडरेटरनं व्हॅनचा विषय पुकारला. अण्णा माइकपाशी गेला, तिरकं बघत, खांद्यावर मुक्ताचा हात. त्यानं ठराव मांडला. बाई म्हणाल्या, "याला अनुमोदन आहे का?"

कुणी हललं नाही. लोकांना वाटत होतं रूथ देईल. रूथची खुर्ची रिकामी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अनुमोदन नसेल तर विषय तिथेच मरतो, चर्चा नाही की मत नाही, एवढं मला नागरिकशास्त्रानं आणि सोसायटीनं दोन्हीनं शिकवलंय.  बाईंनी पुन्हा विचारलं, "अनुमोदन?"

"अनुमोदन!"

खणखणीत. मराठीत. माझ्या शेजारून.

अख्खं जिम वळलं. मी ह्यांचा सदरा ओढला, पण हे उठून उभे राहिले होते, सभेचा नियम म्हणून. पूर्ण नाव सांगितलं, गाव पुणे सांगितलं, आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय सेकंड."

मुक्ता पांढरी पडली. ती माइकजवळून धावत आली. "बाबा, बसा. तुम्ही व्हिजिटर आहात. व्होटरशिवाय कुणी बोलायचं नसतं. व्हिसाचं काही झालं तर?" आता मात्र ह्यांचा चेहरा उतरला. बँकेत जन्म घालवलेला माणूस, नियम मोडला म्हटलं की अर्धा मेला. मला तर दिसत होतं की अण्णाची व्हॅनही गेली, आणि वर आमची वरातही विमानतळावर.

मॉडरेटर बाई हसल्या नाहीत, पण त्यांचे डोळे हसत होते. "सर, आपला उत्साह आवडला," त्या म्हणाल्या. "पण अनुमोदन या गावच्या मतदारानंच द्यावं लागतं. आपलं बोलणं नोंदीत जाणार नाही, काळजी करू नका. बसा." माझ्या जिवात जीव आला, पण अर्धाच. कारण त्यांनी पुन्हा विचारलं, "या गावच्या मतदाराचं अनुमोदन आहे का?"

पहिल्या रांगेतून एक म्हातारा उठला. वॉल्टर. फायनान्स कमिटीचा तोच मुख्य, व्हॅन बंद करा म्हणणारा तोच. आदल्या दिवशी दुकानात अण्णानं ओळख करून दिली होती. "हा माझा विरोधक," असं सांगून.

"मी अनुमोदन देतो," वॉल्टर म्हणाला. "मी याच्या विरोधात बोलणार आहे आणि विरोधात मत देणार आहे. पण न बोलता मारायचा विषय नाही हा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.  पुढे पुण्याला परत आल्यावर आमच्या सोसायटीच्या सभेत वरच्या मजल्यावरच्या देशपांडे बाईंनी जिन्याला रॅम्प हवा म्हणून विषय काढला, जो दरवर्षी अनुमोदकाअभावी बाद होतो, कारण तेवढ्याला हेही अनुमोदन देत नाहीत. हे उठले आणि म्हणाले, "मला रॅम्प पसंत नाही. अनुमोदन माझं." चर्चा इतकी रंगली की वडे गार झाले. रॅम्पचं अजून ठरलेलं नाही, पण बाई त्या दिवशी जिना उतरताना माझा हात धरून हसत होत्या.

असो. जिममध्ये चर्चा सुरू झाली. वॉल्टर बोलला ते मुद्द्याचं होतं. शाळेचं छत गळतंय, बर्फ काढायचं यंत्र म्हातारं झालंय, गाव लहान आहे, सगळं कुठून आणायचं? एका तरुण बाईनं विचारलं, शेजारच्या गावाबरोबर मिळून व्हॅन चालवली तर? एकानं नुसतं एवढंच सांगितलं की त्याची आई व्हॅननं जाते आणि परत येताना हसत येते. पायची थाळी हातात घेऊन धापा टाकत आलेली रूथ तशीच उभ्यानं बोलली.

मग अण्णा. मुक्तानं त्याला मोठ्या अक्षरात भाषण छापून दिलं होतं, ते त्यानं घडी करून खिशात ठेवलं.

"मी या गावात आलो तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती," तो म्हणाला. "पहिला हिवाळा मी वॉल्टरच्या वडिलांच्या ट्रकमधून पेशंट तपासायला गेलो. तेव्हा गावाकडे व्हॅन नव्हती, पण कुणीतरी न्यायला असायचं. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मी तपासलंय. त्यांनी त्यासाठी कार्ड वर करू नये. त्याचं देणं-घेणं केव्हाच झालं. गावाला व्हॅन हवी की नको एवढंच बघा. नको ठरलं तर मी मुलाकडे ॲरिझोनाला जाईन. मुलगा चांगला आहे, तिथे ऊन आहे. मी रागावून जाणार नाही. पण मला विचाराल तर मला इथे राहायचंय."

एवढं बोलून तो खुर्चीवर बसला. मी पदरानं डोळे पुसले. लाज कसली त्यात.

आधी आवाजी मत झालं. हो आणि नको दोन्ही सारखेच वाटले. मग बाई म्हणाल्या, कार्ड वर करा. हिरवी कार्डं वर झाली. मोजणारे रांगांमधून फिरू लागले. ह्यांचा उजवा हात सवयीनं वर जायला लागला, तो मी दोन्ही हातांनी धरून मांडीवर दाबून ठेवला. विरोधाची कार्डं वर झाली. तीही भरपूर. वॉल्टरचं कार्ड सगळ्यात उंच. अण्णा बिचारा तिरकं बघत होता, पण त्याला कडेनं हिरवं हिरवं एवढंच दिसत असणार, कुठल्या बाजूचं ते काय कळणार.

बाईंनी आकडे वाचले. फरक इतका थोडा की तेवढी माणसं आमच्या एका जिन्यात मावतील. पण हो जास्त होते. व्हॅन राहिली.

गलका झाला नाही. थोड्या टाळ्या झाल्या, हातोडी पडली, पुढचा विषय सुरू झाला, स्मशानाच्या गवताचा. मी मात्र श्वास सोडला तो इतका मोठ्यानं की पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी मागे वळून माझा गुडघा थोपटला. सभा संपल्यावर वॉल्टर आला, अण्णाच्या हातात पायचा तुकडा ठेवून म्हणाला, "डॉक्टर, पुढच्या वर्षी पुन्हा विरोध करीन." अण्णा म्हणाला, "ये. मी असेन."

समीरला फोन मी केला. त्यानं निकाल ऐकून घेतला. मग म्हणाला, "आत्या, बाबा खूश आहेत का?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे यार," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला समाधानीच वाटला. रिकाम्या पिशव्यांतून मी मेपल सिरपच्या बाटल्या आणल्या.

सोमवार

सोमवारी आम्ही निघणार होतो, आणि अण्णाचा तपासणीसाठी दवाखान्यात जायचा वार होता. पांढरी व्हॅन दारात आली. अण्णा स्वतः कुलूप लावून, कठड्याला हात घासत, एकेक पायरी उतरला. "पोचलात की फोन करा," म्हणाला, आणि आत जाऊन पुढच्या सीटवर बसला. आम्ही सामान भरायला रस्त्याकडेला गाडीपाशी गेलो होतो. व्हॅन वळली, तशी त्यानं काच खाली केली आणि हात हलवायला लागला, पण आमच्याकडे नाही. घराच्या पायऱ्यांकडे. त्याच्या हिशेबानं आम्ही अजून तिथेच उभे होतो, लहानपणी मिरजेला दारात उभे राहायचो तसे.

आम्ही तिघंही धावत गेलो आणि पायऱ्यांवर उभे राहिलो.